केपटाऊनची धरणं जुन्या पावसाच्या हिशोबावर बांधलेली होती

७ जानेवारी २०१८. केपटाऊनच्या न्यूलँड्सवर भारत-साउथ आफ्रिका पहिली टेस्ट चालू होती, बुमराहचं टेस्ट पदार्पण झालं ती मॅच, आणि तिसऱ्या दिवशी पावसामुळे एकही बॉल पडला नाही. टीव्हीसमोर बसलेले आपण सगळे वैतागलो होतो. तिथे मात्र त्याच आठवड्यात, १ जानेवारीपासून, लेव्हल ६ ची पाणीकपात लागू झाली होती, माणशी दिवसाला ८७ लिटर, आणि महापालिकेने एक तारीख जाहीर केली होती की पाऊस आला नाही तर त्या दिवशी घरोघरचे नळ बंद होणार. त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं होतं डे झिरो.

मला तेव्हा साधा प्रश्न पडला होता की पाऊस पडतोय तर पाणी का नाही. त्याचं उत्तर शोधत गेलो तेव्हा कळलं की त्या एका प्रश्नात अख्खं प्रकरण आहे. स्टेडियमवर पडलेला पाऊस शहराच्या पाण्याच्या काहीच कामाचा नव्हता, कारण धरणं शहरापासून लांब पूर्वेकडच्या डोंगरांत आहेत आणि जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा, तापलेल्या जमिनीवर एक दिवस पाऊस पडला तर तो जमीनच पिऊन टाकते. धरणात पाणी यायचं तर पाऊस ठरलेल्या जागी, ठरलेल्या महिन्यांत आणि एकामागून एक पडावा लागतो. हवामान बदलाने देशाच्या पाण्याचं काय होतं हे समजून घ्यायला मला या शहराइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पाणी येतं कुठून

मुळात साउथ आफ्रिका पावसाच्या बाबतीत गरीब देश आहे, वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ४६० मिलिमीटर, जगाच्या सरासरीच्या जवळपास निम्मा. त्यातही देशाचे दोन तुकडे पडतात. पूर्वेकडे आणि मधल्या भागात उन्हाळ्यात पाऊस पडतो, आणि नैऋत्येचा कोपरा, जिथे केपटाऊन आहे, तिथे हिवाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑगस्ट. दक्षिणेकडच्या समुद्रावरून कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेचे पाऊस आणणारे पट्टे, येतात, डोंगरांवर आदळतात, पाऊस पाडतात आणि पुढे जातात. त्या चार महिन्यांत जे साठलं ते पुढचे आठ महिने वापरायचं.

साठवायला सहा मोठी धरणं आहेत, मिळून साधारण ९० कोटी घनमीटर. त्यातलं एकटं थीवॉटर्सक्लूफच ४८ कोटींचं, म्हणजे निम्म्याहून जास्त साठा एकाच धरणात आणि तेही पसरट, उथळ, उन्हाळ्यात बाष्पीभवन भरपूर. मग फोलफ्ले, बर्ग रिव्हर, वेमर्सहुक आणि स्टीनब्रासची दोन. शहर जवळपास पूर्णपणे या साठ्यावर अवलंबून होतं, जमिनीखालचं पाणी फार थोडं वापरलं जायचं आणि समुद्राचं अजिबात नाही. याच धरणांतून आसपासच्या द्राक्षांच्या आणि सफरचंदांच्या बागांनाही पाणी जायचं, ढोबळमानाने दोन हिस्से शहरांना आणि एक हिस्सा शेतीला.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अशी व्यवस्था आखताना इंजिनियर लोक आधीच्या कित्येक दशकांची पावसाची आणि नद्यांच्या प्रवाहाची नोंद घेतात, त्यावरून हिशोब करतात आणि मग ठरवतात की किती वाईट दुष्काळापर्यंत ही धरणं पुरली पाहिजेत. केपटाऊनची व्यवस्था साधारण ५० वर्षांतून एकदा येणाऱ्या दुष्काळापर्यंत टिकेल अशी आखलेली होती. हे काही निष्काळजीपणाचं नियोजन नाही, जगभर असंच करतात. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती कागदावर कुठे लिहिलेली नसते, ती म्हणजे पुढचा पाऊस मागच्या पावसासारखाच वागेल.

तीन हिवाळे

२०१४ चा पावसाळा चांगला झाला, धरणं जवळपास भरली. २०१५ ला पावसाने ओढ दिली आणि हिवाळा संपल्यावर साठा राहिला ७२ टक्क्यांच्या आसपास. फार काळजीचं नव्हतं ते, असं एखादं वर्ष येतंच. २०१६ ला पुन्हा कमी, साठा साधारण ६१ टक्के. आणि २०१७ चा हिवाळा तर नोंदीतल्या सगळ्यात कोरड्या हिवाळ्यांपैकी एक, तो संपला तेव्हा धरणांत होतं साधारण ३८ टक्के पाणी, आणि पुढे अख्खा उन्हाळा उभा. वरून हेही धरा की तळाचं शेवटचं साधारण १० टक्के पाणी काढताच येत नाही, गाळ आणि चिखल. म्हणजे हातात होतं त्याहून कमी.

एक सुटं कोरडं वर्ष आणि सलग तीन कोरडी वर्षं यांत फरक आहे. धरण म्हणजे शेवटी चांगल्या वर्षाचं पाणी वाईट वर्षासाठी राखून ठेवायची सोय, आणि मध्ये चांगलं वर्ष आलंच नाही तर राखणार काय? तीनही वर्षं एकत्र धरून हिशोब केला तर एवढा कमी पाऊस ३०० वर्षांतून एखाद्या वेळी व्हावा इतका दुर्मिळ निघाला. ५० वर्षांचा दुष्काळ गृहीत धरून बांधलेली व्यवस्था आणि समोर आलेला हा. इथे व्यवस्था कुणी चालवली आणि किती चांगली चालवली हा प्रश्न नंतरचा, मुळात ती यासाठी आखलेलीच नव्हती.

आणि पाऊस जेवढा घटतो तेवढंच धरणातलं पाणी घटतं असं नसतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल बोललं फार कमी जातं. पाऊस पडला की आधी माती भिजते, मग झाडं पितात, काही वाफ होऊन जातं, आणि हे सगळे आपापला वाटा घेऊन झाले की उरलेलं ओढ्यात आणि नदीत उतरतं. पाऊस कमी झाला म्हणून माती आणि झाडं आपला वाटा कमी करत नाहीत, उलट हवा जास्त गरम असेल तर ते जास्तच घेतात. त्यामुळे सगळी तूट येऊन पडते ती शेवटच्या माणसावर, म्हणजे नदीवर. अशा कोरड्याकडे झुकणाऱ्या प्रदेशांत साधारणपणे पाऊस १० टक्के घटला की नदीचा प्रवाह २० ते ३० टक्के घटतो. पर्जन्यमापकात जी घट थोडी दिसते ती धरणाच्या भिंतीपाशी येईपर्यंत दुप्पट-तिप्पट झालेली असते. तापमान वाढलं आणि पाऊस अगदी तेवढाच राहिला तरी सुद्धा धरणात पाणी कमी येऊ शकतं ते याच कारणाने.

यात हवामान बदलाचा हात किती

कुठलाही दुष्काळ पडला की लगेच हवामान बदलावर ढकलून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही, तिथे दुष्काळ आधीही पडलेत. म्हणून नेमका हिशोब बघायला हवा, आणि इथे तो झालेला आहे. हवामान शास्त्रज्ञ फ्रिडेरिके ऑटो आणि केपटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांसकट एका गटाने २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांनी माणसाने तापवलेलं जग आणि न तापवलेलं जग अशी दोन्ही मॉडेलवर चालवून तुलना केली आणि निष्कर्ष निघाला की २०१५ ते २०१७ सारखा पाऊस कमी होण्याची शक्यता हवामान बदलामुळे साधारण तिप्पट झाली. आणि जग तेव्हापेक्षा अजून १ अंशाने तापलं तर ती पुन्हा तिप्पट होईल. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने जास्त बारीक मॉडेल वापरून काढलेला आकडा त्याहून मोठा होता, पाच ते सहा पट.

कारण काय? विषुववृत्तापाशी वर गेलेली हवा साधारण ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते आणि जिथे ती उतरते तिथे जास्त दाबाचा कोरडा पट्टा तयार होतो. जग तापतंय तसा हा पट्टा ध्रुवाकडे सरकतोय. केपटाऊन आहे ३४ अंशांवर, अगदी त्याच्या काठाशी, म्हणजे पट्टा थोडा जरी दक्षिणेला सरकला तरी कोल्ड फ्रंट खालूनच, समुद्रावरूनच निघून जातात आणि डोंगरांपर्यंत पोचत नाहीत. पाऊस पडतो, पण खाली समुद्रात. हेच गणित चिलीच्या मध्यभागाला लागू पडतं, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाला लागू पडतं, भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांना लागू पडतं. हिवाळ्यात पाऊस पडणारे हे सगळे प्रदेश एकाच कारणाने कोरडे होत चाललेत.

चांगलं चालवलेलं शहर

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की पाणी उधळणारं शहर असणार. तसं नव्हतं. केपटाऊनने आधीची काही वर्षं गळती काढणं, पाइपातलं प्रेशर कमी करणं, जुने पाइप बदलणं यावर खूप काम केलं होतं, इतकं की २०१५ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे दुष्काळ सुरू झालेला असतानाच, पाणी बचतीच्या कामासाठी त्यांना सी-४० या जगभरातल्या शहरांच्या गटाचा पुरस्कार मिळाला. लोकसंख्या वाढत होती आणि पाण्याचा वापर त्या मानाने वाढत नव्हता.

पण याच यशाने एक अडचण करून ठेवली होती. सोपी बचत आधीच झालेली होती. ज्या शहरात निम्मं पाणी गळतीत जातं त्याला संकटाच्या वेळी कमी करायला काहीतरी हाताशी असतं, इथे तसं उरलं नव्हतं, आता कमी करायचं तर लोकांच्या अंघोळीतून आणि फ्लशमधूनच करावं लागणार होतं. शिवाय वापर आटोक्यात आहे या भरवशावर नवीन स्रोतांचं काम पुढे ढकललं गेलं. देशाच्या जलखात्याच्याच २००७ च्या नियोजनात नवीन पाणी कधी लागेल याचा विचार झालेला होता, पण मधली पावसाची वर्षं चांगली गेली आणि धरणं भरलेली दिसत असताना पैसे खर्च करायला कोण तयार होतं.

त्यात जबाबदारी वाटलेली. कायद्याने मोठ्या पाण्याची सोय करणं केंद्र सरकारचं काम आणि ते घरोघर पोचवणं महापालिकेचं, तीन मोठी धरणं केंद्राच्या ताब्यात आणि तीन लहान शहराच्या. शेतीला किती द्यायचं हे केंद्र ठरवणार. आणि केंद्रात तेव्हा सत्ता एएनसी पक्षाची, तर शहरात आणि प्रांतात डीए या तेव्हाच्या विरोधी पक्षाची. धरण आटत असताना पत्रव्यवहार आणि आरोप चालू होते, आणि हे वाचताना मला खरंच त्रास झाला, कारण त्या दोन-तीन वर्षांतला प्रत्येक महिना महत्त्वाचा होता.

डे झिरो म्हणजे नेमकं काय होणार होतं

धरणांतला एकूण साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे बहुतेक नळ बंद करायचे, हॉस्पिटल वगैरे अत्यावश्यक ठिकाणी चालू ठेवायचं, आणि बाकी लोकांनी शहरातल्या साधारण २०० वाटप केंद्रांवर रांगा लावून माणशी रोज २५ लिटर पाणी न्यायचं. शहराची लोकसंख्या साधारण ४० लाख. म्हणजे एका केंद्रावर रोज २० हजार माणसं. चार जणांच्या घराला १०० लिटर, म्हणजे १०० किलो वजन, रोज, घरापर्यंत. म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर कसं आणणार? गाडी नसलेल्यांनी काय करायचं? पोलीस आणि लष्कर बंदोबस्ताला लावायची तयारी चालली होती.

१८ जानेवारी २०१८ ला महापौर पॅट्रिशिया डी लिल यांनी सांगितलं की आता परतीची वाट उरली नाही, ६० टक्के लोक अजूनही ८७ लिटरच्या वर वापरतायत. १ फेब्रुवारीपासून मर्यादा ५० लिटरवर आणली. ५० लिटर म्हणजे किती हे एकदा मोजून बघा, साधा शॉवर मिनिटाला १० लिटर टाकतो, म्हणजे दोन मिनिटांत २० गेले, टॉयलेटचा एक फ्लश ९ लिटरचा, राहिले २१, त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, फरशी, सगळं. लोक शॉवरखाली बादली ठेवून तेच पाणी फ्लशला वापरायला लागले, हॉटेलांनी बाथटबचे बूच काढून ठेवले, न्यूलँड्सच्या नैसर्गिक झऱ्यावर कॅन घेऊन रांगा लागल्या. महापालिकेने एक नकाशा ऑनलाइन टाकला ज्यात मर्यादेत पाणी वापरणाऱ्या घरांवर हिरवा ठिपका दिसायचा, शेजाऱ्याचा ठिपका बघून लोक आपलं बिल तपासायचे. मालमत्तेच्या किमतीवरून दुष्काळ कर लावायचा प्रस्तावही आला होता, त्यावर हजारो हरकती आल्या आणि तो मागे घ्यावा लागला.

तारीख पुढे का गेली

डे झिरो आधी २२ एप्रिल होता, मग १२ एप्रिलवर आला, मग १६ एप्रिल, मग ११ मे, मग ४ जून, ९ जुलै, आणि मार्चमध्ये जाहीर झालं की २०१८ मध्ये तो येणार नाही. नागरिकांनी शहर वाचवलं असं जगभर सांगितलं गेलं आणि त्यात तथ्य मोठं आहेच. २०१५ च्या फेब्रुवारीत शहर दिवसाला साधारण १२० कोटी लिटर वापरत होतं, ते २०१८ च्या सुरुवातीला ५० कोटींच्या थोडं वर आलं. तीन वर्षांत निम्म्याहून कमी, आणि एकही दिवस नळ पूर्ण बंद न करता. एवढ्या मोठ्या शहराने असं केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण तारखा कशा सरकल्या ते बघितलं तर शेतकऱ्यांचा वाटा दिसतो, आणि तो सांगितला जात नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो. शेतीच्या कोट्यात तेव्हा ६० टक्के कपात झाली होती. फेब्रुवारीत बऱ्याच बागायतदारांचा उरलेला कोटा संपला आणि धरणांतून शेतीला जाणारं पाणी घटलं, तेव्हा तारीख १६ एप्रिलवरून ११ मे वर गेली. त्याच महिन्यात एल्गिन खोऱ्यातल्या ग्रुनलँड पाणीवापर संस्थेच्या शेतकऱ्यांनी आपल्या खासगी धरणांतलं १ कोटी घनमीटर, म्हणजे १,००० कोटी लिटर पाणी सोडून दिलं, शहराला त्या वेळच्या वापराने जवळपास तीन आठवडे पुरेल एवढं. ती सफरचंद-नासपतीवाली मंडळी, त्यांच्या खोऱ्यात त्या वर्षी बरं पाणी होतं, पण पुढच्या हिवाळ्याची खात्री त्यांनाही नव्हतीच. दुसरीकडे ज्यांच्याकडे पाणी नव्हतं त्या पट्ट्यात बागा अर्ध्यावर आल्या, झाडं फक्त जगवण्यापुरतं पाणी दिलं गेलं आणि शेतमजुरांची हजारो कामं गेली. शहराचे नळ चालू राहिले त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांच्या नावाचा हिरवा ठिपका कुठल्याच नकाशावर नव्हता.

मे २०१८ मध्ये साठा साधारण २० टक्क्यांवर होता. जूनपासून पाऊस बऱ्यापैकी आला, हिवाळा संपताना धरणं ७० टक्क्यांच्या वर गेली आणि २०२० मध्ये भरून वाहिली.

कुणाचा डे झिरो

हे लिहिताना एक गोष्ट सतत डोक्यात होती. झोपडवस्त्यांमधली लाखो माणसं आधीपासूनच सार्वजनिक नळावर रांग लावून, बादलीने, डोक्यावरून पाणी आणत होती, आणि शहराच्या एकूण पाण्यातलं त्यांच्या वाट्याला जेमतेम ४-५ टक्के. बाकीचं शहर ज्या दिवसाला घाबरत होतं तो दिवस ही माणसं रोज जगत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब मांडलाय की केपटाऊनमधली वरच्या थरातली साधारण १४ टक्के लोकसंख्या शहराचं ५१ टक्के घरगुती पाणी वापरते, त्यात बरंचसं बागा आणि स्विमिंग पूल.

कपातीचे नियमही सगळ्यांना सारखे लागले नाहीत. पाणी जास्त वापरणाऱ्या घरांना एक उपकरण बसवलं गेलं जे दिवसाला ३५० लिटर झाले की पाणी बंद करायचं. चार माणसांच्या बंगल्याला ३५० लिटर पुरतात. गरीब वस्तीत एका मीटरवर पुढच्या घरात एक कुटुंब, मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोल्यांत अजून दोन, मिळून बारा-पंधरा माणसं असतात आणि उपकरण माणसं मोजत नाही. श्रीमंतांनी तेवढ्यात बोअर मारून घेतले, टाक्या बसवल्या. त्याचा परिणाम पुढे असा झाला की जास्त पाणी घेऊन जास्त पैसे भरणारे ग्राहकच कमी झाले, आणि त्यांच्या पैशावर गरिबांना मोफत पाणी देण्याची जी व्यवस्था होती तिच्यावर ताण आला. पाणी कमी विकलं म्हणून उत्पन्न कमी, पाइप आणि पंपांचा खर्च तेवढाच, म्हणून दर वाढले, जुलै २०१८ पासून नळजोडणीचा वेगळा ठरावीक आकार सुरू झाला. बचत केली आणि बिल वाढलं, हे लोकांना पटवणं किती अवघड गेलं असेल.

तहान लागल्यावर खणलेल्या विहिरी

संकट दिसू लागल्यावर समुद्राचं पाणी गोडं करणारे तीन तात्पुरते प्लांट घाईने मागवले, स्ट्रँडफाँटेन, मोन्वाबिसी आणि वॉटरफ्रंटला, तिन्हींची मिळून क्षमता दिवसाला १.६ कोटी लिटर. शहराची अगदी आवळलेली गरजही ५० कोटींची होती, म्हणजे हे ३ टक्के, आणि प्लांट उभे राहीपर्यंत हिवाळा आलेलाच होता. जमिनीखालचं पाणी हा जास्त चांगला मार्ग होता, केप फ्लॅट्सखाली आणि टेबल माउंटनच्या वालुकाश्मात मोठे साठे आहेत, पण तिथेही बोअर मारणं, चाचण्या, शुद्धीकरण, पाइपलाइन, सगळ्याला वर्षं लागतात. नंतर शहराने जे धोरण आखलं त्यात २०३० पर्यंत दिवसाला साधारण ३० कोटी लिटर नवीन पाणी उभं करायचं ठरलं, त्यात भूजल, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं, समुद्राचं पाणी, सगळं थोडं थोडं. पाणी पुरण्याची हमीही ५० वर्षांतून एका दुष्काळावरून २०० वर्षांतून एकापर्यंत नेली. मला यातला हा दुसरा बदल जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात कबुली आहे की जुन्या नोंदींवर विसंबून चालणार नाही.

बाकीचा देश

केपटाऊन हे एकटं नाही. पूर्वेला गेबेर्खा, जुनं पोर्ट एलिझाबेथ, तिथे २०१५ पासून पाऊस कमी होत गेला आणि २०२२ च्या मध्यावर धरणं जवळपास कोरडी पडली, त्यात पाण्याचा मोठा हिस्सा गळतीत जात होता. आणि त्याच २०२२ च्या एप्रिलमध्ये क्वाझुलू-नाताल प्रांतात उलटंच झालं, दोन दिवसांत इतका पाऊस की पुरांत आणि दरडींखाली ४०० हून जास्त माणसं गेली. तो पाऊसही हवामान बदलामुळे साधारण दुप्पट संभाव्य झाला होता असं नंतरच्या अभ्यासात निघालं. डर्बनजवळच्या टोंगाटचं जलशुद्धीकरण केंद्रच पुराने उद्ध्वस्त केलं आणि मग तिथल्या लोकांनी कित्येक महिने टँकरच्या मागे धावत काढले. नदीला पूर आणि नळ कोरडे. एकाच वर्षात एकाच देशात, एक शहर पाऊस नाही म्हणून तहानलेलं आणि दुसरं पाऊस जास्त झाला म्हणून. देशाची वार्षिक सरासरी काढली तर हे दोन्ही एकमेकांत मिसळून आकडा ठीकठाक दिसेल, म्हणून सरासरीवर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

डोंगरावरची झाडं

शेवटी त्या डोंगरांकडे येतो जिथून पाणी येतं. तिथलं मूळचं झुडुपी रान, त्याला फिनबॉस म्हणतात, फार कमी पाणी पितं. पण गेल्या दोन-तीनशे वर्षांत बाहेरून आणलेली पाइन, वॉटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ), निलगिरी तिथे पसरली, ती खोल मुळांची आणि खूप पाणी ओढणारी. नोव्हेंबर २०१८ मध्ये केपटाऊनसाठी जो जलनिधी, म्हणजे पाणलोट सुधारण्यासाठीचा निधी, सुरू झाला त्याच्या अभ्यासानुसार ही झाडं धरणांच्या पाणलोटातून वर्षाला ५,५०० कोटी लिटर पाणी खातात, दुष्काळाआधीच्या वापराने शहराची साधारण दीड-दोन महिन्यांची गरज. ही झाडं काढून मिळणारं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. कल्पना नवीनही नाही, तेव्हाचे जलमंत्री कादर अस्मल यांनी १९९५ मध्येच 'वर्किंग फॉर वॉटर' नावाने देशभर हे काम सुरू केलं होतं, बेरोजगारांना मजुरी देऊन झाडं काढायची, पण ते सगळीकडे सातत्याने झालं नाही.

आणि इथे सातत्यच लागतं. पाइनचं बी वाऱ्याने उडत जाऊन कड्यांवर रुजतं, तिथे चालत पोचता येत नाही म्हणून मजूर दोर बांधून कड्यावरून खाली उतरतात आणि लटकत्या अवस्थेत करवतीने खोड कापतात. वॉटलचं बी मातीत कित्येक वर्षं तसंच पडून राहतं आणि वणवा लागला की एकदम उगवतं. म्हणून एकदा साफ केलेल्या उतारावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जावं लागतं, हाताने रोपं उपटावी लागतात, मग परत काही वर्षांनी. थीवॉटर्सक्लूफच्या वरच्या डोंगरांत हे काम पुढेही चालू राहिलं, धरणं भरल्यावरही.